राखेवरचा पवना

गिरिजा,

माझा भाऊ ठणठणीत आहे. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला बरं. त्याला दमा नव्हता, त्याच्या पोटात गोळा आला नव्हता, तो गाडीवरून पडलाही नव्हता. इतकी वर्षं तू भेटलीस की चप्पल काढायच्या आधी विचारायचीस, ‘मावशी, भाऊ कसे आहेत?’ आणि मी दर वेळी एक नवा आजार काढून द्यायचे. तो शिरूर अनंतपाळला आपल्या शेतात आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो आणि माझ्यापेक्षा भराभर चालतो.

तुझ्या कॉलेजातल्या मैत्रिणी आल्या होत्या. तुझ्यावर छोटं पुस्तक काढणार म्हणाल्या, तुम्हीपण लिहा. मी म्हटलं, माझी चौथी झालेली. चालेल म्हणाल्या. तू कितवी आलीस, कुठे नोकरी केलीस, काय काय बांधलंस, ते सगळं त्या लिहितील. मी आपल्या दोघींच्या भांडणाचं लिहिते. ते त्यांना माहीत नाही आणि ते मिटायच्या आधीच तू गेलीस.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तू पहिल्यांदा आमच्या वस्तीत आलीस. मी टँकरच्या रांगेत होते. म्हणजे माझी घागर रांगेत होती आणि मी बंद तेलगिरणीच्या भिंतीच्या सावलीला बसले होते. तू डोक्यावर टोपी घालून, हातात टेप घेऊन भिंत मोजत मोजत माझ्यापर्यंत आलीस आणि म्हणालीस, मावशी, जरा सरकता का. मी म्हटलं, ‘भिंत कुठं पळून चालली काय? टँकर येऊन जाऊ दे, मग मोज.’ तू शेजारी बसलीस. टँकर दुपारपर्यंत आला नाही. तेवढ्यात तू माझ्याकडून गिरणीचं सगळं काढून घेतलंस.

सगळं म्हणजे काय, थोडंच होतं. लातूर उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला त्या साली मी लग्न होऊन इथं आले. जिल्हा झाला म्हणून मालकानं गेटवर जिलेबी वाटली होती. आम्हाला वाटलं, आता काही कमी पडणार नाही. आम्ही बाया ओळीनं बसून भुईमुगाच्या शेंगा निवडायचो. खडा, काडी, माती, किडकी शेंग वेगळी टाकायची, चांगली पुढे ढकलायची. पुढे गिरणी बंद पडली. मग मी लोकांच्या शेतात खुरपायला जायला लागले. म्हणजे जन्मभर मी एकच काम केलं, नको ते काढून टाकायचं. हे तुला मी त्याच दिवशी सांगितलं होतं. आपण दोघींनीही ते नीट ऐकलं असतं तर पुढचा घोटाळा झाला नसता.

गिरणीच्या मागे बॉयलरची राख टाकायची जागा होती. वर्षानुवर्षांची राख, तिच्यावर कुसळ उगवायचं नाही. वारा सुटला की ती राख वस्तीत यायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या घागरीत, परातीतल्या पिठात. दुष्काळात तर सगळं कोरडं, त्यामुळे जास्तच. आमच्या भाकरी इतकी वर्षं करड्या रंगाच्या होत्या. तू पहिल्यांदा माझ्याकडे जेवलीस तेव्हा दाताखाली कचकच झाली. तू तशीच गिळलीस. मी बघितलं होतं.

तुमच्या वर्गाला शेवटच्या वर्षी हेच काम होतं. बंद पडलेले कारखाने, गिरण्या, खाणी शोधायच्या आणि तिथं झाडं, पाखरं आणि माणसं पुन्हा कशी नांदतील ते कागदावर काढायचं. तू आमची गिरणी घेतलीस. महिनाभरानं भला मोठा कागद आणून माझ्या ओट्यावर पसरलास. चार कोपऱ्यांवर माझे चार पेले ठेवलेस. त्यावर राखेच्या जागी हिरवीगार झाडं, तळं, बसायला बाकडी, एक बाई मुलाचा हात धरून चाललेली. दिसायला छान होतं. मी विचारलं, ‘या झाडांना पाणी कोण घालणार?’

तू म्हणालीस, सुरुवातीला टँकर.

मी म्हटलं, ‘आमच्या घागरीला टँकर न्हाई अन् तुझ्या झाडाला हाय? तुझ्या कागदावर पाऊस पडतो काय गं पोरी?’

तुझं तोंड उतरलं. कागद गुंडाळलास, पेले उचलून जागेवर ठेवलेस आणि गेलीस. आठ दिवस आली नाहीस. रखमा, माझी शेजारीण, मला म्हणाली, कशाला तोंड सोडलंस, पोरगी बरी होती. मी म्हटलं, खरं बोललेलं सोसत नसेल तर घरी बसावं. पण त्या आठ दिवसांत मी दोनदा भिंतीकडे जाऊन आले. हे रखमालाही माहीत नाही.

नवव्या दिवशी तू नवा कागद घेऊन आलीस. तळं नव्हतं, बाकडी नव्हती, मोठी झाडं नव्हती. गिरणीच्या पत्र्यावर पडणारं पाणी आग विझवायच्या जुन्या हौदात उतरवायचं ठरवलं होतंस. त्या हौदाचं सगळेच सांगतात, म्हणून मी सांगत नाही. राखेच्या जागेवर तरवड आणि हेकळ काढले होतेस, ओळीनं. ‘ही बिनपाण्याची झुडपं आहेत मावशी. तुम्हीच म्हणालात पाणी नाही.’ ओळींच्या मधे बारीक बारीक ठिपके होते. मी विचारलं नाही. मला वाटलं माती दाखवली असेल. तूही सांगितलं नाहीस. तुला वाटलं असेल, हिला कळलं.

मग ती मालकाची गोष्ट झाली. मालक म्हणजे जुन्या शेठचा मुलगा. त्याला जागेचे प्लॉट पाडायचे होते. तुमच्या सरांनी त्याच्याशी बोलून बोलून एवढं कबूल करून घेतलं की पोळ्यापर्यंत त्या राखेवर काहीतरी हिरवं उगवून दाखवा. उगवलं तर तो तुकडा वस्तीला सोडतो. नाही उगवलं तर विषय बंद. हे तू मला एकदा सांगून पुन्हा सांगितलंस. मला तेव्हा कळलं की हे पोरीच्या परीक्षेपुरतं नाही.

मृगात तुम्ही सगळे आलात. उतारावर आडव्या दगडांच्या ओळी लावल्यात, तरवडाची रोपं लावलीत, शेणमातीच्या गोळ्या करून टाकल्यात. मी ओट्यावरून बघत होते. शिकलेली पोरं शेणात हात घालून राहिलीत, याचीच मला मजा वाटली. गोळ्यांत काय आहे ते मी विचारलं नाही. खत असेल समजले. जाताना तू म्हणालीस, ‘मावशी, लक्ष ठेवा.’ मी म्हटलं, हाव, ठेवते.

लक्ष ठेव म्हटल्यावर मी काय करणार? रोज सकाळी जाऊन बघायचे. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. तरवड वितीएवढा झाला. आणि ओळींच्या मधून गवत उठलं. आधी पोपटी, मग गुडघ्याएवढं. तरवड त्यात दिसेनासा झाला. माझ्या जिवाला घोर लागला. ओळीत असतं ते पीक आणि ओळीबाहेर असतं ते तण, हे मला आईनं पाचव्या वर्षी शिकवलं होतं. तू तेव्हा परीक्षेच्या कागदांसाठी नायगावला, घरी गेली होतीस. पोळ्याच्या दोन दिवस आधी मालकाला घेऊन येणार होतीस. मी म्हटलं, पोरीची लाज आपल्या हातात आहे.

मग मी रखमाला आणि आणखी सहा बायांना गोळा केलं. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी सकाळीच खुरपी घेऊन आम्ही राखेत उतरलो. राख ओली होती, मुळं सरसर निघत होती. आम्ही कोणाच्या शेतात इतकं मन लावून खुरपलं नसेल. एक काडी ठेवली नाही. उपटलेलं गवत रखमाच्या म्हशीपुढं टाकलं. ती म्हैस उन्हाळाभर चारा छावणीत राहून हाडांचा सापळा होऊन आली होती. तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेटापासून शेणाचा सडा टाकला. तरवडाच्या पहिल्या ओळीपुढं मी स्वतः रांगोळी काढली. खरं सांगते गिरिजा, इतकी ऐट मला माझ्या लेकाच्या लग्नातही आली नव्हती.

तू गाडीतून उतरून पुढे आलीस, मालक आणि सर मागून येत होते. तू गेटातून आत पाऊल टाकलंस आणि तिथंच थांबलीस. काळी राख, स्वच्छ झाडलेली, आणि तिच्यात तरवडाच्या काड्या उभ्या. तू विचारलंस, ‘हे कोणी केलं?’

मी म्हटलं, ‘आम्ही केलं की. पाव्हणे येणार ना.’

मी शाबासकीची वाट बघत होते. तू माझ्या हातांकडे बघितलंस. खुरप्यानं तळव्याला फोड आला होता, त्याकडे. मग म्हणालीस, ‘किती स्वच्छ केलंत, मावशी.’

एवढ्या वर्षांत मी लोकांच्या पुष्कळ शाबासक्या ऐकल्या. ही शाबासकी नव्हती हे मला लगेच कळलं. काय बिघडलं ते मात्र कळेना.

मालक आला. इकडे तिकडे बघून म्हणाला, हिरवं कुठं आहे? सर बुटाकडे बघत होते. तू म्हणालीस, ‘चूक माझी आहे. मी गवत पेरलं होतं. काय पेरलं ते मी यांनाच सांगितलं नाही. बाकी सगळ्यांना सांगितलं.’ तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तेवढ्यात कुंपणापलीकडं रखमाची म्हैस रवंथ करत होती तिकडे मालकाची नजर गेली. तो म्हणाला, ही काय खातेय? रखमाला काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. ती मोठ्या कौतुकानं म्हणाली, ‘इथलंच हाय साहेब. लई कवळं निघालं. अजून अर्धी गंजी पडलीय.’

मालक हसायला लागला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, बरं, उगवतं हे पटलं. पुढच्या पोळ्याला म्हशीच्या आधी मला दाखवा.

एक वर्ष मिळालं. पण त्या वर्षाचं काय करायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बी संपलं होतं. तुमची परीक्षा झाली, सगळे आपापल्या वाटेला लागले. तू नांदेडला नोकरीला लागलीस.

मी तुझी माफी मागितली नाही. उलट त्याच दुपारी ओट्यावर बसून तुलाच झापलं. तोंड नव्हतं का सांगायला, गवत पेरलंय म्हणून? गवत कोण पेरतं? गवत ही काय पेरायची गोष्ट आहे? तू शांतपणे म्हणालीस, ‘मावशी, राख धरून ठेवायला झाडापेक्षा गवताची मुळं चांगली. आणि तण असं काही नसतंच. आपण नाव दिलं म्हणून ते तण.’

‘एक दिवस उकिडवी बसून खुरप, मग सांग काय असतं अन् काय नसतं.’

तू खरंच आलीस. पुढच्याच रविवारी, माझ्याबरोबर सोयाबीनच्या रानात. पहिल्या तासात तू तण ठेवून सोयाबीन उपटलंस. रानाची मालकीण मला म्हणाली, ही तुमची पाव्हणी पुढच्या खेपेला आणू नका. दुपारी भाकर खायला तुला उठता येईना. संध्याकाळी माझ्या ओट्यावर पालथी पडलीस आणि मी तुझी कंबर दाबत बसले. बऱ्याच वेळानं तू चटईत तोंड खुपसूनच म्हणालीस, ‘तण असतं, मावशी.’

मी म्हटलं, आता कशी शहाणी झालीस. पण तू लगेच पुढं म्हणालीस, सोयाबीनच्या रानात असतं, राखेवर नसतं. म्हणजे अर्धंच कबूल केलंस. उरलेलं अर्धं आपण शेवटपर्यंत भांडत राहिलो.

आता बियाचं.

दिवाळी झाल्यावर मी शिरूरला गेले. तुला सांगितलं, भावाला दमा लागलाय, बघून येते. खोटं होतं. मी त्याच्या बांधासाठी गेले होते. माझ्या बापाच्या वेळेपासून त्या बांधावर पवना आणि मारवेल ही गवतं आहेत, बैलांसाठी राखलेली. कार्तिकात ते पिकतं. मी रोज सकाळी दव वाळलं की जायचे, ओच्यात तुरे ओरबाडायचे, भावाच्या जुन्या धोतरावर झोडपायचे. भाऊ बांधावर येऊन उभा राहिला. म्हणाला, ‘अक्का, हे रानात घुसू नये म्हणून मी औषध फवारतो अन् तू बी नेऊन राहिलीस?’ भावजयीनं तर गावात सांगितलं की लातूरच्या पाण्यानं हिच्या डोक्यावर परिणाम झाला. दुपारी मी सोप्यात सूप घेऊन बसायचे आणि निवडायचे. कुसळ, काडी, माती वेगळी. पोकळ दाणा वेगळा. पंधरा दिवस राहिले. पिठाची एक पिशवी भरली.

तुला दिली तेव्हा म्हणाले, भावाकडे पडलं होतं, येता येता आणलं. तू पिशवीत हात घातलास. चिमूटभर तळहातावर घेऊन बोटानं पसरवलंस, फुंकर मारलीस. एकही काडी उडाली नाही. तू माझ्याकडे बघितलंस, पुन्हा तळहाताकडे बघितलंस. मग पिशवीचं तोंड बांधलंस आणि विचारलंस, ‘भाऊ कसे आहेत आता?’

मी म्हटलं, दमा जरा कमी आहे.

तिथून ते सुरू झालं.

दुसऱ्या वर्षी पेरणी आम्ही बायांनी केली. तू दर रविवारी नांदेडहून पहिल्या एसटीनं यायचीस. शेणमातीच्या गोळ्या मीच वळल्या, तुमच्या गोळ्या फार मोठ्या होत्या. तू ओळी आखायला दोरी घेऊन आलीस तर मी म्हटलं, ओळ आखू नकोस. ओळ दिसली की कोणीतरी खुरपं काढील. तू खूप हसलीस. दोरी पिशवीत टाकलीस. मग जिथं हात जाईल तिथं टाकलं. त्या पोळ्याला मालक आला तेव्हा गवत त्याच्या कमरेला लागत होतं आणि सगळ्या पानांवर दव होतं. त्याची पॅन्ट भिजली. त्यानं शब्द पाळला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पाळला नसता तर तेही लिहिलं असतं.

टिटवीवरून आपलं दुसरं भांडण. आम्ही खुरपून काढलं होतं त्यातला एक कोपरा उघडाच राहिला होता. पुढच्या उन्हाळ्यात तिथं टिटवीनं चार अंडी घातली, उघड्या राखेवर, चार खडे मांडून. मी तुला हाताला धरून नेऊन दाखवलं. म्हटलं, बघ, तिला मोकळंच लागतं. गवतात ती पाय ठेवत नाही. तू म्हणालीस, गवतात तितर येतात. मी म्हटलं, तितर दिसू दे, मग बोल. टिटवी आपल्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती आणि आपण खाली तिच्याच घरावरून भांडत होतो. तुला सगळीकडे गवत हवं होतं, मला तो कोपरा झाडलेला हवा होता. दर वर्षी तू त्या कोपऱ्यात चार गोळ्या टाकायचीस आणि दर वर्षी मी त्या वेचून काढायचे. तुला ठाऊक होतं मी काढते. मला ठाऊक होतं तू पुन्हा टाकणार. तितर आले, तेही सांगायला हवं. मागच्या थंडीत आले. तू तेव्हा आजारी होतीस. मी फोनवर सांगितलं नाही. भांडणात माझी बाजू पडते म्हणून सांगितलं नाही. आता सांगते. आले, जोडीनं.

माझ्या परातीत आता राख पडत नाही. एवढं एक वाक्य तुला कधीतरी म्हणायला हवं होतं. पीठ पांढरं दिसतं. भाकर पांढरी होते. दर सकाळी पहिली भाकर तव्यावर टाकताना तुझी आठवण येते, आणि ती काही रडण्याची आठवण नसते. कडेला जरा जास्त भाजलेली भाकर तुला आवडायची. तू आमच्याकडे यायला लागलीस तेव्हा कचकच गिळायचीस. नंतर दोन खायचीस.

शेवटची भेट नायगावला, तुमच्या घरी. दवाखान्यातून आणलं होतं. मी आल्या आल्या म्हटलं, ‘लई वाळलीस.’ तुझ्या आईनं माझ्याकडे बघितलं, पण तू हसलीस. सगळे तुला छान दिसतेस म्हणत होते म्हणून तुला कंटाळा आला होता, असं म्हणालीस. मी पलंगाजवळ बसले. सांगायला मनात पुष्कळ होतं. की ते गवत मी उपटायला नको होतं. की तुझं वर्ष माझ्या हातानं गेलं. की कोणी शिकलेल्या माणसानं सगळ्यांसमोर माझी चूक आपल्या डोक्यावर घेतली, असं माझ्या आयुष्यात एकदाच झालं. यातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. मी तुझ्या पायावरची चादर नीट करत बसले, ती नीटच होती.

तूच विचारलंस, ‘भाऊ कसे आहेत?’

मी म्हटलं, ‘बरा झाला. आता एकदम बरा आहे.’

तू डोळे मिटलेस. म्हणालीस, ‘मग काळजी नाही.’

माफी मागायला मी तेव्हा एवढी जवळ आले होते. याच्यापुढं मला जाता आलं नाही.

तू गेलीस त्या दिवशी आम्ही आठजणी आलो. आमच्यात अग्नी देतात. तुमच्यात बसवून माती देतात हे मला ऐकून ठाऊक होतं, पाहिलं नव्हतं. कपाळाला भस्म, मांडीवर बेलाची पानं, आणि तू ताठ बसलेली. ओट्यावर कागद पसरून बसायचीस तशीच. मला वाटलं, आता म्हणेल, मावशी, पेला ठेवा कोपऱ्यावर. रखमा मोठ्यानं रडली. मी नाही रडले. मी माती कशी आहे ते बघत होते. काळी होती, भुसभुशीत. त्यात बी रुजतं.

परवा पुन्हा गेले. महिना होत आला. अप्पा, तुझे वडील, दुकान बंद करून माझ्याबरोबर आले. ते एकटे रोज येतात म्हणे. पावसानं माती खाली बसली आहे आणि वर हिरवं उगवलंय. अप्पांनी दुकानातून नवं खुरपं आणलं होतं. माझ्या हातात देत म्हणाले, ‘मावशी, माझ्यानं वाकवत नाही. तुमच्या हातानं एवढं गवत काढून टाका. पोरीची जागा स्वच्छ दिसू दे.’

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांना वाटत होतं तेच त्या दिवशी मला वाटलं होतं.

मी खाली बसले. खुरपं बाजूला ठेवून हातानं चाचपून बघितलं. मारवेल होता, बराचसा. थोडी हरळी. पवना नाही, तिकडच्या मातीत नसेल. कडेला गाजरगवताची दोन रोपं होती. ती मुळासकट उपटली आणि लांब फेकली. गाजरगवत तूही काढायचीस, त्यावर आपलं भांडण नव्हतं. मग हात झटकून मी खुरपं अप्पांना परत दिलं.

ते म्हणाले, ‘आणि हे बाकीचं?’

‘तण एवढंच होतं, अप्पा. बाकीचं राहू द्या.’

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. मग धोतर सावरून माझ्या शेजारी बसले. शेवटी जायला उठलो तेव्हा त्यांनी विचारलं, ‘तुमचे भाऊ कसे आहेत?’

मी म्हटलं, ‘ठणठणीत आहे. त्याला कधी काही झालंच नव्हतं.’

अप्पा त्या महिन्यात पहिल्यांदा हसले असतील. म्हणाले, ‘ते गिरिजाला माहीत होतं. बियाची पिशवी घेऊन घरी आली त्याच दिवशी आम्हाला सांगितलं होतं तिनं.’

माहीत होतं, तर इतकी वर्षं विचारत कशाला राहिलीस गं?